ड्रुसिला पार्डीचा बारावा हुकूम

ड्रुसिला पार्डीच्या सरकारी बेड्या तिच्या परसातल्या फाटकाला अडकवलेल्या असतात. फाटकाची कडी तुटून नऊ वर्षं झाली, आणि स्कल्पिन आर्म या बंदरातला वारा असा द्वाड, की मोकळं फाटक आपटून आपटून अख्ख्या आळीचं डोकं उठवतं. कुणी म्हटलंच, "अगं ड्रू, सरकारी वस्तू आहे, गंजेल ना," तर ती म्हणते, "गंजू दे. कुठेतरी कामाला तर आली!"

चौपन्न वर्षांची बाई. अंगानं भरलेली, आणि आवाज असा की धुक्यात बोटींना भोंगा लागू नये. या बंदरात आणि पलीकडच्या तीन बंदरांत मिळून पोलीस म्हणून ती एकटीच. चोऱ्या इथे होत नाहीत, कारण चोरलेली वस्तू वापरायची कुठे? कोट कुणाचा आणि कुऱ्हाड कुणाची हे सगळ्यांना पाठ. भांडणं होतात ती मूस नावाच्या थोराड हरणाच्या मांसाच्या वाट्यावरून, आणि मांस शिजलं की तीही मिटतात. जड काम एकच. कुणाचं मन जाग्यावर नसलं, आणि तो माणूस आपणहून डॉक्टरकडे जात नसला, तर घरचं कुणीतरी न्यायाधीशापुढे शपथेवर सांगतं. न्यायाधीशाला पटलं की तो हुकूम काढतो, आणि सात दिवसांच्या आत त्या माणसाला ताब्यात घेऊन डॉक्टरपुढे बसवायचं ड्रुसिलानं. चोवीस वर्षांत असे अकरा हुकूम आले. अकराही माणसं तिनं नेली, आणि एकाच्याही मनगटाला लोखंड लागलं नाही.

तिची रीत ठरलेली. दार वाजवायचं, आत जायचं, आणि आधी चहा मागायचा. चहा पोटात गेला की कागद काढायचा आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवायचा. एक शब्द गाळायचा नाही. तुम्हाला वकिलाशी बोलायचा अधिकार आहे, हेही सांगायचं. मग कागदाची घडी घालून विचारायचं, "बरं, मांजराला कोण बघणार?"

या एका प्रश्नानं तिची अर्धी कामं झाली आहेत. सरकार आपल्या रेडिओत राहतं असं मानणारा एक भला माणूस तासभर तिच्यावर ओरडत होता, हातात चुलीतला चिमटा. तिनं मांजराचं विचारल्यावर तो थांबला, डोकं खाजवलं, म्हणाला, "थांब हां, किल्ली शेजारी देऊन येतो." आला तो सरळ जीपमध्ये जाऊन बसला. पट्टासुद्धा स्वतःच लावला.

हे तिला कुठल्या प्रशिक्षणात शिकवलं नव्हतं. ती सहा वर्षांची असताना तिच्या आईला असंच नेलं होतं. आई, ट्रिफी, तेव्हा एकतीसची, दुसरं मूल पाळण्यात गेलं होतं, आणि ती महिनाभर ना जेवत होती ना बोलत होती. परगावचे दोन पोलीस बोटीनं आले, आणि भर दुपारी नेसत्या झोपण्याच्या झग्यावर, हातात बेड्या घालून, तिला धक्क्यावरून चालवत नेलं. सगळं गाव उभं होतं. वाईट कुणालाच म्हणायचं नव्हतं, पण उभं होतं. तीन महिन्यांनी ट्रिफी चांगली बरी होऊन परत आली, स्वयंपाक करू लागली, हसू लागली. फक्त चारपेक्षा जास्त माणसं जमतात तिथे ती त्यानंतर कधी गेली नाही. चर्चला तेवढी जाते, पण शेवटच्या बाकावर बसते आणि शेवटचं गाणं सुरू व्हायच्या आत घरी पोचलेली असते. अट्ठेचाळीस वर्षं झाली. आता एकोणऐंशीची आहे, लेकीकडेच राहते, आणि खिडकीतल्या खुर्चीतून सगळ्या गावावर लक्ष ठेवते.

तर अशा ड्रुसिलाकडे तीस डिसेंबरला बारावा हुकूम आला. नाव वाचलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. हीबर स्टकलेस!

हीबरकाका म्हणजे गावचं जुनं जहाज. त्र्याऐंशी वर्षांचे. डाव्या हाताची करंगळी करवतीत गेलेली, ती कशी गेली याच्या सतरा गोष्टी, सतराही खोट्या. एफीकाकू जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लोरेटा दूर अल्बर्टात, तिकडच्या तेलाच्या कामावर. नाताळच्या दिवशी तिनं बापाला फोन लावला, तोंड दिसतं तसला, आणि बघते तर काय! बाप आईच्या फुलाफुलांच्या झग्यात, पुढून मागून उशा कोंबलेल्या, ओठाला लाली, आणि श्वास आत ओढत ओढत, हुबेहूब आईच्या आवाजात, मोकळ्या स्वयंपाकघराशी गप्पा मारतोय. ओट्यावर दोन ताटं मांडलेली. मागे चुलीवर सूप करपून धूर निघतोय, आणि बापाचे गाल असे बसलेले की तिला रडूच फुटलं.

आता इथलं शेंबडं पोरही सांगेल की नाताळनंतरचे बारा दिवस म्हणजे सोंगांचे दिवस. बायका पुरुषांचे कपडे घालतात, पुरुष बायकांचे, कुबडं काढतात, पोटं फुगवतात, तोंडावर उशीचा अभ्रा नाहीतर जाळीचा पडदा टाकतात आणि घरोघर नाचत जातात. आवाज ओळखू येऊ नये म्हणून श्वास आत घेत बोलतात. घरच्यांनी ओळखायचं. नाव बरोबर निघालं की सोंगानं कपडा वर करायचा, मग केक आणि रम. नाव निघालं नाही तर कपडा वर करायचा नाही, आणि सोंगानं आपलं नाव आपणहून सांगायचं नाही, मेलं तरी. हीबरकाका तयारी करत होते, एवढंच. लोरेटाला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण बावीस वर्षं अल्बर्टात राहिलं की नाताळ म्हणजे टर्की आणि लगेच कामावर, एवढंच उरतं.

"पण ड्रू, ताटं दोन होती," ती फोनवर म्हणाली. "सोंगाला ताटं लागतात का? आणि बाबा केवढे वाळलेत! मी कितीदा म्हटलं डॉक्टरकडे जा, तर म्हणतात, गुरुवारी जाईन. कुठला गुरुवार ते काही सांगत नाहीत."

ताटं दोन होती, हे खरंच होतं. आणि हुकूम हा हुकूम. मन ठिकाणावर आहे की नाही हे ठरवायचं काम डॉक्टरचं, तिचं काम नेऊन बसवण्याचं.

तालुक्याच्या गावाहून सार्जंटचा फोन आला. तरुण माणूस, घड्याळ बघून शिंकणारा. "पाच जानेवारीला मुदत संपते, पार्डी. झालं नाही तर मी नवा हुकूम काढवून सहा तारखेच्या पहिल्या बोटीनं दोन माणसं पाठवतो. ती चहा पीत बसणार नाहीत. बेड्या घालतील आणि आणतील."

"धक्क्यावरून?" ड्रुसिलानं विचारलं.

"मग काय, आकाशातून?"

तिनं आईला काहीच सांगितलं नाही, पण ट्रिफीला सांगावं लागतं थोडंच! ती खिडकीतूनच म्हणाली, "हीबरला का?" आणि विणकाम खाली ठेवलं ते दिवसभर उचललं नाही.

मग सुरू झाला तमाशा. तीस तारखेला ड्रुसिला काकांच्या घरी गेली. दार उघडं, चूल थंड, काका गायब, मांजरही गायब. शेजारी म्हणाले, "आत्ता इथेच होते की!" दुकानवाल्या ब्लांशकडे गेली. "आत्ताच गेले, बाई, पाव घेऊन." पाद्रीबाबा नोसवर्दींकडे गेली, तर पाद्रीबाबा दारातच हात पसरून उभे. "ड्रू, खोटं बोलायची मला बंदी आहे, तेव्हा तू काही विचारूच नकोस." तिनं हुकमाच्या जोरावर त्यांच्या पलंगाखाली वाकून पाहिलं. तिथे दोन मोठे सलगम आणि त्यांच्या बायकोची एक जुनी काचोळी सापडली. "हे काय?" "भाजी," पाद्रीबाबा म्हणाले, आणि कानापर्यंत लाल झाले.

सगळ्या गावानं कानोकानी हुकूम ऐकला होता, आणि सगळ्या गावाची पक्की समजूत झाली होती की काकांना नेलं की ते परत येत नाहीत. आज या घरी न्याहारी, उद्या त्या घरी जेवण, असे काका फिरवले जात होते, आणि ड्रुसिला जाईल तिथे चहाचा कप तेवढा कोमट सापडत होता. संध्याकाळी, साडेचारलाच अंधार पडला की, सोंगं निघत, आणि ती जिथे म्हणून बसलेली असे तिथे हटकून येत. एकतीसला तिनं एका लठ्ठ म्हातारीच्या सोंगाला "गार्लंड! ब्लांशचा भाऊ!" म्हणून ओळखलं, सोंगानं मान हलवली, नाही. एक तारखेला त्याच म्हातारीबरोबर ती दोन गाणी नाचली आणि तिला "अहो पोस्टमास्तर" म्हणाली. पुन्हा नाही. तीन तारखेला तिनं त्या म्हातारीच्या हातात केक कोंबला आणि कानात विचारलं, "काय गं बाई, हीबरकाका कुठं दिसले का तुला?" म्हातारीनं हात वर करून छताकडे बघितलं आणि इतकं हसली की तिच्या पाठीतली उशी खाली आली.

पाच तारीख उजाडली. ड्रुसिलाच्या नाकी नऊ आले होते. संध्याकाळी ती ब्लांशच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली, हुकूम खिशात, समोर केक तसाच.

"उद्या सकाळी बोट येणार," ती म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं, तुम्ही त्यांना वाचवताय? मी नेलं तर जीपमधून नेते, टोपी घालून, पट्टा लावून. ते दोघं आले तर धक्क्यावरून चालवतील. मी एकदा बघितलंय ते. मला परत नाही बघायचं."

ब्लांश म्हणजे आख्ख्या गावाला फडाफडा बोलणारी बाई, पण तिनं केकची ताटली तेवढी ड्रुसिलाकडे सरकवली. आणि दार वाजलं. बाहेरून श्वास आत ओढलेला आवाज आला, "सोंगं आलीत, घेता का घरात?"

"या, या!" ब्लांश म्हणाली, तिच्या तोंडून ते सवयीनंच गेलं.

चार सोंगं आत आली. एक दाढीवाला कोळी, पोटाशी दोर बांधलेला आणि ताडासारखा उंच. एक बाई, तिची छाती एक वर, एक खाली. एक घोड्याचं डोकं घातलेला आडदांड. आणि ती लठ्ठ म्हातारी, पांढरे हातमोजे, तोंडावर जाळीचा पडदा. ब्लांशच्या नवऱ्यानं अकॉर्डियन उचललं आणि जमीन हादरायला लागली. ड्रुसिला एकटी उठली नाही. ती बघत होती. काका यांत आहेत, हे तिला आता हाडात कळत होतं. पण कोणता?

कायद्यानं ती चौघांचे पडदे फर्रकन वर करू शकली असती. पुढे कुणी विचारलं तेव्हा तिनं सांगितलं, "कोर्टानं मला माणूस न्यायचा हुकूम दिला होता, कपडा वर करायचा नाही." मला विचाराल तर तिला ते सुचलंच नाही. इथली बाई आहे ती. इथे नाव घेतल्याशिवाय कपड्याला हात लावत नाहीत.

तिनं नीट विचार केला. छाती एक वर एक खाली, म्हणजे सलगम. सलगम पाद्रीबाबांच्या पलंगाखाली होते. काका पाद्रीबाबांकडे लपलेले असणार, तेव्हा सलगम काकांचे! झालं, ठरलं. ती उठली, अकॉर्डियन थांबवलं, त्या बाईसमोर जाऊन उभी राहिली आणि कागद उघडला.

"हीबर स्टकलेस," ती म्हणाली, आणि तिचा भोंग्यासारखा आवाज कापला. "न्यायाधीशांच्या हुकमानं तुम्हाला मानसिक तपासणीसाठी ताब्यात घेण्यात येत आहे." आणि पुढचं सगळं वाचलं, कलमं, तारखा, वकिलाचा अधिकार, सही. सोंग खाली मान घालून, सलगम सावरत ऐकत होतं. मध्ये एकदा मान डोलावलीसुद्धा.

ड्रुसिलानं कागदाची घडी घातली. "बरं काका, मांजराला कोण बघणार?"

सोंग गडबडलं. "मांजर?" ते म्हणालं. "आमच्याकडे... आमच्याकडे कुत्रं आहे ना."

आणि तेवढ्यात कोपऱ्यातून, श्वास आत ओढत, म्हातारीचा आवाज आला, "टिबी ब्लांशच्या कोठीत आहे. मंगळवारपासून. चुलीची राख काढली. नळ थेंबथेंब चालू ठेवलाय, गोठू नये म्हणून. पिशवी भरून दारामागं आहे."

कोठीच्या दाराआडून टिबी ओरडली, तिचंच नाव निघालं होतं म्हणून असेल.

ब्लांश उसळली. "कुत्रं म्हणे! पाद्रीबाबा नोसवर्दी, करा वर ते! मुकाट्यानं ऐकून घेतलंत आणि वर मान डोलावलीत? एका धर्माच्या माणसानं?"

पाद्रीबाबांनी अभ्रा वर केला. घामानं निथळत होते. "मी शब्दानं खोटं बोललो नाही," ते म्हणाले. "मानेला खाज आली होती. आणि मला वाटलं, मला नेलं तर डॉक्टर तपासतील, मी शहाणा निघेन, मुदत संपेल."

"शहाणे निघाला असतात कशावरून?" ब्लांश म्हणाली.

ड्रुसिला मात्र म्हातारीकडे बघत होती. पांढरा हातमोजा, डाव्या करंगळीत कापूस कोंबलेला. एक तारखेला ती याच हाताला धरून दोन गाणी नाचली होती! तिला हसूही येईना आणि रडूही येईना, दोन्ही एकदमच आलं. तिनं नाव घ्यायला तोंड उघडलं.

"नको," म्हातारी म्हणाली, आणि आता आवाज काकांचा होता. "नाव घेऊ नकोस, पोरी. घेतलंस की मला कपडा वर करावा लागेल."

"पण मग लपलात का? सात दिवस मी तुम्हाला शोधतेय!"

"आणि मी तुझ्या मागे फिरतोय! जिथे तू तिथे मी. तू मला पोस्टमास्तर म्हणालीस, बाई. मला चहा पिऊन चहाचा कंटाळा आला तुझ्यापायी. आपणहून तर सांगता येत नाही, रीत नाही. आणि दिवसा मी यायचा नव्हतो." ते हळूच खुर्चीवर बसले. उशा आधी बसल्या, मग काका. "तुझ्या आईला नेलं ना, तेव्हा बोटीचा दोर मी सोडला. पस्तिशीचा होतो मी. एफीनं आपली शाल काढली, म्हणाली, हिच्या डोक्यावरून तरी घेऊ द्या, तोंड झाकू द्या. त्यांनी नाही घेऊ दिली. घाईत होते. एफी मरेपर्यंत मला तेच म्हणायची, की हीबर, तू दोर धरून का नाही ठेवलास." "मला जायचंय डॉक्टरकडे. लोरेटा काही खुळी नाही. पण मी कपडा तोंडावर घेऊन जाणार. कोण गेलं ते कुणाला कळता कामा नये."

घोड्याच्या डोक्यातून हुंदका आला. "गार्लंड, गप," ब्लांश म्हणाली. बिचाऱ्या गार्लंडला न विचारता ओळखल्यामुळे तेही डोकं काढावं लागलं.

"ठीक आहे," ड्रुसिला म्हणाली. तिनं नाक पुसलं. "नाव घेत नाही. चला. डॉक्टरांना तेवढं फोन करून क्लिनिक उघडायला सांगते."

ताडासारख्या कोळ्यानं हात वर केला. "मी इथेच आहे."

"अहो!" सगळे एकदम ओरडले. "स्वतःहून सांगायचं नसतं!"

"माफ करा," कोळ्यानं दाढी खाली ओढली. एकेने नावाचे हे डॉक्टर सप्टेंबरात नायजेरियाहून इथे आले होते, आणि तीन दिवस ही मंडळी त्यांना नाचवत होती. "मला या आजींनी काल तीनदा पायावर पाय दिला. हे मला कागदावर लिहावं लागेल का?"

"नका लिहू," काका पडद्याआडून म्हणाले.

मग त्या संध्याकाळी स्कल्पिन आर्ममध्ये पहिल्यांदा रीत मोडली. उतरलेली सोंगं पुन्हा चढली. पाद्रीबाबांनी सलगम बसवले, गार्लंडनं घोडा घातला, डॉक्टरांनी दाढी लावली, आणि मधोमध काका. ब्लांशनं म्हातारीसारखे पांढरे हातमोजे बाकी तिघांना दिले. रस्त्यातली एकूण एक खिडकी उजळलेली, एकूण एक पडदा बाजूला. ड्रुसिलानं जीपचं दार उघडून धरलं आणि आख्ख्या बंदराला ऐकू जाईल असं म्हणाली, "ओळख पटली आहे. आत बसा." चारही जणं आत बसली. मागं घोड्याचं डोकं मावेना म्हणून ते खिडकीतून बाहेर काढावं लागलं.

क्लिनिकात रात्रपाळीची नर्स होती. "आजारी कोण आहे?" तिनं विचारलं.

"आम्ही सगळेच," पाद्रीबाबा म्हणाले, आणि यात त्यांना खोटं काही बोलावं लागलं नाही.

डॉक्टरांनी दाढी काढून पांढरा कोट चढवला, आणि ते काकांना घेऊन आतल्या खोलीत गेले. माणूस ताब्यात होता म्हणून ड्रुसिला आत दाराशी बसली. दार लोटल्यावर काकांनी आपणहून पडदा वर केला. आत किती बारीक झाले होते ते! डॉक्टरांनी वार विचारला, साल विचारलं, शंभरातून सात सात वजा करायला लावले. काकांनी तेवीसपर्यंत धडाधड केले आणि म्हणाले, "पुढे तुम्ही करा, मला बघू द्या येतं का."

मग डॉक्टरांनी हळू आवाजात विचारलं, "काका, काकूंचा आवाज ऐकू येतो का तुम्हाला?"

"नाही," काका म्हणाले. "तीच तर पंचाईत आहे."

"पहिली दोन वर्षं आठवायचा. मग जायला लागला. ती हो म्हणायची ना, ते श्वास आत घेऊन म्हणायची. या वर्षी सोंगासाठी तिचा झगा घातला आणि सहज तसं बोलून बघितलं, तर आला! तिचाच! मग मी रोजच बोलायला लागलो. सोंगाचे दिवस यायच्या आधीपासून, खरं सांगायचं तर. आणि बोलत बसलं की जेवायचं राहतं. ती जेवत नाही ना." त्यांनी ओठावरची लाली मोज्यानं पुसली. "हे वेड असेल तर तसं लिहा. मी सही करतो."

ड्रुसिलानं छताकडे बघितलं आणि छतावरचे डाग मोजले. बरेच होते.

डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं, रक्त घेतलं, वजन घेतलं. मग सांगितलं की अडकवून ठेवण्यासारखं यात काही नाही, शहरातल्या इस्पितळातही पाठवायचं कारण नाही. पण वजन धोक्याचं आहे, मन फार एकटं पडलंय, आणि दर गुरुवारी इथे यायचं, न चुकता. "कुठल्या गुरुवारी ते मीच सांगतो," ते म्हणाले, "सगळ्या." कागदावर त्यांनी लिहिलं, रुग्णानं पत्नीचे कपडे घातले होते, कारण: ऋतुमान.

लोरेटाला फोन लावला तो काकांनीच. ती रडत होती. "बाबा, मला वाटलं तुम्ही..."

"बरोबर वाटलं तुला," काका म्हणाले. "सोंग होतं, पण थोडं खरंही होतं. आता ऐक, उन्हाळ्यात ये, आणि ते तोंड दिसणारं यंत्र सकाळी आठच्या आधी लावू नकोस."

ड्रुसिला घरी आली तेव्हा आई खिडकीतच होती. "चार होते," ट्रिफी म्हणाली. "कोण होतं त्यातलं?"

"काय माहीत," ड्रुसिला म्हणाली. "मी कुठे बघितलं!"

आई तिच्या तोंडाकडे बघत राहिली, आणि मग इतकी हसली, इतकी हसली, की विणकामाची सुई कुठे पडली ती दुसऱ्या दिवशी सापडली.

सहा तारखेची बोट सार्जंटच्या माणसांशिवाय आली. पण गावात भांडणं जुंपली. कुणाला नेलं? निम्मे म्हणत, गार्लंडला, दारू फार झाली होती. दोघातिघांनी तर डॉक्टरांवरच संशय घेतला. शेवटी कुणीतरी पाद्रीबाबांना भर दुकानात विचारलं, आणि ते शांतपणे म्हणाले, "हुकूम माझ्यासमोर उभं राहून वाचला गेला, शब्दन् शब्द. आता काय ते समजा." तेव्हापासून स्कल्पिन आर्ममध्ये सगळ्यांना ठाऊक आहे की त्या साली पाद्रीबाबांची डोक्याची तपासणी झाली. ते कधी नाही म्हणाले नाहीत. रविवारी लोक जरा जास्तच प्रेमानं त्यांचं ऐकून घेतात.

सहा तारखेलाच, सोंगांच्या शेवटच्या संध्याकाळी, ड्रुसिला दमून घरी आली तर आईची खुर्ची रिकामी. ती सगळ्या खोल्यांतून हाका मारत फिरली. परसात गेली, फाटकाच्या बेड्या जागच्या जागी. आणि पुढचं दार वाजलं.

"सोंगं आलीत," श्वास आत ओढलेला आवाज आला, नवशिक्याचा, मध्येच ठसका लागलेला. "घेता का घरात?"

दारात मागे ती लठ्ठ म्हातारी होती, पांढऱ्या मोज्यांची. आणि पुढे एक एवढंसं सोंग, ड्रुसिलाचाच जुना पोलिसी कोट उलटा घातलेला, घोट्यापर्यंत लोंबणारा, पायात उलटसुलट रबरी बूट. डोक्यावरून, तोंडावरून, पार छातीपर्यंत ओढलेली एक जुनी विटलेली निळी शाल. एफीकाकूंची. ती शाल घेऊन ते सोंग सगळ्या आळीतून, उजळलेल्या खिडक्यांसमोरून, चालत आलं होतं. त्याच्यामागे गार्लंड, ब्लांश, पाद्रीबाबा, अकॉर्डियन, निदान वीस माणसं.

ड्रुसिलाला ते हात ओळखायला क्षणही लागला नाही. नाव जिभेवर आलं होतं. पण नाव घेतलं की शाल वर करावी लागणार.

"कोण बरं हे?" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "पोस्टमास्तर का?"

सोंगानं जोरात मान हलवली आणि एक गिरकी घेतली.

"मग गार्लंडच असणार."

"मी इथे आहे!" गार्लंड मागून ओरडला, आणि ब्लांशनं त्याला कोपर मारलं.

अकॉर्डियन सुरू झालं. ड्रुसिलानं दार पूर्ण उघडलं, टेबल भिंतीला सरकवलं, आणि एकामागून एक चुकीची नावं घेत राहिली, गावातली सगळी संपेपर्यंत, मग पलीकडच्या तिन्ही बंदरांतली.